बत्तिसाव्या वर्षी सापडलेलं छिद्र

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालं की आधी कुंभारी लागतं आणि मग वळसंग. कुंभारीत गोदूताई परुळेकरांच्या नावानं उभी राहिलेली विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे. या सगळ्या पट्ट्यात सूत, माग आणि विडी यांवर पिढ्या जगल्या. त्यामुळे इथं एखाद्या बाईला दम लागला तर कारण शोधत बसावं लागत नाही, ते तयारच असतं. तंबाखूची भुकटी, कापसाची तूस, नाहीतर बाळंतपणानंतरचा अशक्तपणा. ही तिन्ही कारणं खरी असू शकतात. पण त्यांच्या आड कधीकधी चौथं कारण दडलेलं असतं : हृदयात जन्मापासून असलेला आणि तिशी-चाळिशीपर्यंत गप्प बसलेला दोष. तो सापडला की घरात दोन मतं पडतात. दोन्ही मतं पूर्ण ताकदीनं समोर यावीत म्हणून पुढचा संवाद रचला आहे. बोलणारी दोघं आणि त्यांच्या बोलण्यातली शेजारची सून कल्पित आहेत. वैद्यकीय माहिती आणि इतिहास खरा आहे.

मामा वळसंगचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. भाची सोलापुरात दवाखाना चालवणारी फिजिशियन. शेजारच्या बत्तीस वर्षांच्या, विड्या वळणाऱ्या सुनेचा टू-डी इको झाला. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात २२ मिलिमीटरचं छिद्र आहे, असं रिपोर्टमध्ये आलं. सासरे तो कागद घेऊन सल्ल्याला मामांकडे आले आणि मामांनी भाचीला बोलावून घेतलं.

मामा : हे बघ, छिद्र आहे म्हणतेस, मान्य. पण ते काल पडलंय का? जन्मापासूनचं आहे. त्या छिद्रासकट ती शाळेत गेली, लग्न होऊन इथं आली, दोन बाळंतपणं झाली. सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळते, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत पोराला कडेवर घेऊन हिंडते. बत्तीस वर्षं ज्यानं काही केलं नाही, त्याला आता हात लावायचा कशाला?

भाची : काही केलं नाही असं नाही मामा. जे केलं ते बाहेरून दिसलं नाही. आईच्या पोटात असताना बाळाची फुप्फुसं काम करत नसतात, म्हणून वरच्या दोन कप्प्यांमध्ये रक्ताला जायला वाट असते. जन्मल्यावर बाळ रडतं, फुप्फुसं उघडतात आणि ती वाट मिटते. हिच्यात मात्र पडदाच अपुरा राहिला. हृदयाचा डावा भाग जाड भिंतीचा, उजवा मऊ. त्यामुळे फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेल्या रक्तातलं बरंचसं रक्त शरीरात न जाता छिद्रातून उजवीकडे उतरतं आणि पुन्हा फुप्फुसात जातं. तेच रक्त, तीच फेरी, रात्रंदिवस. उजव्या बाजूला दुप्पट काम पडतं. रिपोर्टमधली दुसरी ओळ वाचली का तुम्ही? उजवे दोन्ही कप्पे मोठे झालेत. ती बत्तीस वर्षांची मजुरी आहे.

मामा : मग आधी दम का नाही लागला? आत्ताच जिना चढताना का थांबायला लागली?

भाची : त्यालाही कारण आहे. वय वाढतं तसा डावा कप्पा ताठर होतो, रक्तदाब वाढला तर आणखीच. डावीकडं रक्ताला शिरायला जड जायला लागलं की छिद्रातून उजवीकडं उतरणारं रक्त वाढतं. छिद्र तेवढंच राहतं, पण त्यातून जाणारं रक्त वाढत जातं. म्हणून जे विशीत निभावतं ते चाळिशीत निभावत नाही. पुढं धडधड सुरू होते, ठोके बेताल होतात. पायातली एखादी रक्ताची गाठ फुप्फुसात अडकण्याऐवजी त्या छिद्रातून डावीकडं गेली तर थेट मेंदूत जाऊ शकते.

मामा : असं असेल तर इतकी वर्षं डॉक्टर काय करत होते? दोन बाळंतपणांत कितीदा तपासलं असेल तिला. माझ्या शाळेतसुद्धा वर्षाला तपासणी व्हायची. दात बघायचे, डोळे बघायचे, केसांतल्या उवा बघायचे.

भाची : छातीला नळीही लावत असतील, पण हा दोष कानाला चकवतो. खालच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र लहान असेल तर रक्त जोरानं त्यातून घुसतं आणि मोठा आवाज येतो. तिथं लहान छिद्र जास्त बोलतं. वरच्या कप्प्यांत दाबाचा फरकच इतका थोडा की छिद्रातून जाणारं रक्त आवाज करत नाही. फुप्फुसाकडं जाणाऱ्या झडपेतून जास्तीचं रक्त जातं, त्याचा हलका फूत्कार ऐकू येतो, आणि हृदयाचा दुसरा ठोका दोन तुकड्यांत पडतो. निरोगी माणसातही तो थोडा दुभंगतो, पण श्वासाबरोबर अंतर बदलतं. हिच्यात श्वास घ्या, सोडा, अंतर तेवढंच राहतं. गर्दीच्या ओपीडीत, पंख्याच्या घरघरीत, बाहेर रांग लागलेली असताना हे ऐकायला शांत खोली आणि दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं तिला कुणी दिली नाहीत. दम लागतो म्हटल्यावर कुणी पंप दिला, कुणी रक्तवाढीच्या गोळ्या. विडीचं सूप समोर दिसत असल्यावर हृदयाकडं कोण बघतो?

मामा : आता तर शाळांत हृदय तपासतात म्हणे.

भाची : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच राज्यात, पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, त्यात जन्मजात हृदयदोषही. हजार जिवंत जन्मांमागं साधारण आठ बाळांना असा काही ना काही दोष असतो. पण २०१३ साली जे अठराच्या पुढं गेले होते ते या जाळ्याबाहेर राहिले. हिचं वय मोजा मामा. ती त्यांच्यातलीच आहे.

मामा : तरी मी म्हणतो, असे कितीतरी जण कुणाला न कळता म्हातारे होऊन गेले असतील. सुखानं गेले.

भाची : गेलेत. मी ते नाकारत नाही. १९१६ साली ल्युतेंबाशे या फ्रेंच डॉक्टरनं एकसष्ट वर्षांच्या बाईची नोंद केली. वरच्या पडद्यात छिद्र, शिवाय डावीकडची झडप अरुंद झालेली. अशा अवस्थेत तिला सात वेळा दिवस गेले होते. तो दुर्मीळ जोडदोष आजही त्याच्या नावानं ओळखतात. आपल्याकडं संधिवाताचा ताप येऊन झडपा खराब होण्याचं प्रमाण मोठं, म्हणून भारतातल्या डॉक्टरांना हा जोडदोष विसरून चालत नाही.

मामा : मग झालं की! सात वेळा दिवस गेले, एकसष्टी गाठली.

भाची : पण एकीच्या नशिबावर दुसरीचा निर्णय करता येत नाही. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये १९५६ ते १९६० या काळात हे छिद्र शिवून बंद केलेल्या १२३ जणांचा पुढं सत्तावीस ते बत्तीस वर्षं माग ठेवला आणि १९९० मध्ये निष्कर्ष छापले. पंचविशीच्या आत ज्यांचं छिद्र बंद झालं ते चारचौघांइतकेच जगले. चाळिशीनंतर ज्यांचं झालं त्यांचं आयुष्य इतरांपेक्षा कमी भरलं. ही बत्तीस वर्षांची आहे. पहिली संधी गेली, दुसरी अजून हातात आहे. एवढंच माझं म्हणणं.

मामा : तू आकडे सांगतेस, मी तुला माणूस सांगतो. मधुबाला. आमच्या पिढीनं तिला पडद्यावर डोळे भरून पाहिलंय. तिला कळलं होतं ना सगळं? मग काय उपयोग झाला? उलट कळल्यावर जितकी वर्षं जगली, तितकी मरण डोळ्यासमोर ठेवून जगली. न कळतं तर निदान हसत तरी गेली असती.

भाची : तिचीच गोष्ट नीट मांडू या मामा, कारण ती तुमच्या बाजूनं जितकी बोलते तितकीच माझ्याही बाजूनं बोलते. १९३३ चा जन्म. १९५४ मध्ये मद्रासला चित्रीकरण चालू असताना तोंडातून रक्त आलं, तेव्हा वय एकवीस. लहानपणापासून कॅमेऱ्यापुढं राबलेली मुलगी आणि हृदयाच्या खालच्या पडद्यात छिद्र. आता त्याच्या आजूबाजूची वर्षं बघा. ६ मे १९५३ ला जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधारानं अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातलं छिद्र बंद केलं. ते छिद्र आपल्या शेजारणीसारखंच, वरच्या पडद्यातलं. त्याच वर्षी स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी धडधडतं हृदय पहिल्यांदा टिपलं, त्यातूनच पुढं आपला इको आला. छिद्र दाखवणारं तंत्र आणि ते बंद करू देणारं यंत्र, दोन्ही एकाच वर्षातली. मार्च १९५४ मध्ये मिनेसोटात लिलेहाय यांनी खालच्या पडद्यातलं छिद्र शिवलं, मुलाचं रक्त बापाच्या शरीरातून फिरवून. तो पहिला मुलगा वाचला नाही, पण त्याच्यानंतरचे कितीतरी वाचले.

मामा : म्हणजे ती आजारी पडली त्याच वर्षी हे तिकडं सुरू झालं.

भाची : हो, आणि तिच्यापर्यंत पोहोचलं नाही. ती काम करत राहिली. ‘मुगल-ए-आझम’मध्ये जड साखळदंड अंगावर वागवले. १९६० मध्ये चित्रपट लागला, त्यानंतर लंडनला गेली, तिथल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला नकार दिला आणि फार दिवस नाहीत असं सांगितलं. ती त्यांच्या अंदाजापेक्षा खूप जास्त जगली. २३ फेब्रुवारी १९६९ ला मुंबईत गेली, छत्तिसाव्या वर्षी. त्याच्या वर्षभर आधी मुंबईतच केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयप्रत्यारोपण केलं होतं. वेळीच छिद्र बंद झालं असतं तर काय झालं असतं, हे तिच्याबाबत कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तिला कळणं निरुपयोगी ठरलं ते कळण्यामुळं नाही. कळलं तेव्हा इलाज हाताशी नव्हता, आणि इलाज आला तेव्हा उशीर झाला होता.

मामा : उशीर म्हणजे काय? छिद्र तर छिद्रच राहतं. आज शिव, उद्या शिव.

भाची : इथंच खरी मेख आहे. फुप्फुसांत वर्षानुवर्षं जास्तीचं रक्त जोरानं गेलं की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या जाड आणि अरुंद होतात, दाब चढत जातो. एक वेळ अशी येते की उजवीकडचा दाब डावीकडच्यापेक्षा जास्त होतो आणि प्रवाह उलटतो. अशुद्ध रक्त डावीकडं जातं, ओठ-नखं निळी पडतात. १८९७ साली व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी बत्तीस वर्षांच्या एका पुरुषाबद्दल हेच लिहिलं. तो रक्त ओकून गेला होता. या अवस्थेत छिद्र बंद केलं तर माणूस दगावतो.

मामा : म्हणजे दोष दुरुस्त केला म्हणून मरतो?

भाची : हो. उजनी धरण काठोकाठ भरलेलं असताना दरवाजे बंद करून ठेवल्यासारखं होतं ते. तोवर ते छिद्रच दाबाला वाट देत असतं. म्हणून उशिरा सापडलेल्या दोषात ‘आहे की नाही’ एवढं कळून भागत नाही, ‘कोणत्या टप्प्यावर आहे’ हे कळावं लागतं. आपल्या शेजारणीचा फुप्फुसातला दाब अजून फार चढलेला नाही. दार उघडं आहे, पण ते कायम उघडं राहणार नाही. आणि बाईच्या बाबतीत आणखी एक. पोटुशीपणात शरीरातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं. साधं वरचं छिद्र बहुधा ते सोसतं, म्हणून हिची दोन बाळंतपणं निभावली. पण प्रवाह उलटलेली बाई गरोदर राहिली तर दहातल्या तीन ते पाच जणी दगावतात, असंच पूर्वापार दिसत आलंय. तिसऱ्या मुलाचा विचार करायच्या आधी हे तिला माहीत असायला नको का?

मामा : एवढं ऐकल्यावर मला वाटतं, गावात मंडप टाकून सगळ्यांचेच इको करून घ्यावेत, असं तू म्हणशील. त्याला माझा ठाम विरोध आहे, आधीच सांगतो.

भाची : माझाही आहे.

मामा : आं?

भाची : सरसकट सगळ्यांचे इको केले तर जे शोधायचं नाही तेच जास्त सापडेल. मघाशी म्हटलं ना, जन्माच्या वेळची ती वाट. ती साधारण चार माणसांमागं एकात पूर्ण मिटलेली नसते, बारीक फट राहते. तुमच्यात असेल, माझ्यात असेल. तिला आजार म्हणून माणसाच्या गळ्यात बांधणं अन्याय आहे. महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असणं, हे शंभरात एक-दोघांत असतं. त्यातल्या अनेकांना तरुणपणी काहीच करावं लागत नाही. ठरावीक काळानं इको करून लक्ष ठेवायचं. अर्नोल्ड श्वार्झनेगरचं उदाहरण घ्या. तालमीतल्या पोरांच्या खोल्यांतून त्याची चित्रं लागलेली असतात. जगातला धडधाकट माणूस म्हणून ज्याच्याकडं बघायचं, त्याची झडप जन्मापासून दोन पाकळ्यांची. १९९७ मध्ये एकोणपन्नासाव्या वर्षी, जाणवण्याजोगा त्रास नसताना, शस्त्रक्रिया करून घेतली. डोळ्यांना दिसणारी ताकद आणि आतल्या झडपा यांचा संबंध नाही, पण म्हणून प्रत्येक पैलवानाला ऑपरेशन टेबलावर घ्यायचं असंही नाही.

मामा : मग कुणाला तपासायचं? काही मोजमाप सांग. नुसतं ‘ज्याला गरज आहे त्याला’ म्हणू नकोस.

भाची : सांगते. बरोबरीच्या बायकांपेक्षा जिला आधी दम लागतो आणि छातीच्या फोटोत, रक्तात कारण सापडत नाही. दम्याचा पंप महिनोन्महिने घेऊनही जिला फरक नाही. कार्डिओग्रामला उजव्या बाजूचा विद्युतमार्ग रेंगाळलेला दिसतो. तरुणपणी लकवा आलेला माणूस. नखं-ओठ निळसर असलेला. ठोक्यात जास्तीचा आवाज सापडलेली कुठलीही गरोदर बाई. ज्याच्या आईबापाला किंवा भावंडाला असा दोष होता तो. आणि तिशीच्या आत ज्याचा रक्तदाब चढलाय तो.

मामा : रक्तदाबाचा काय संबंध?

भाची : हात द्या तुमचा. हे मनगट, इथं नाडी लागतेय ना? आता दुसऱ्या हाताची बोटं जांघेत ठेवली तर तिथली नाडी जवळजवळ याच क्षणी लागायला हवी. काही माणसांत महाधमनी छातीतच एका जागी जन्मापासून चिंबलेली असते. मग हातात दाब जास्त, पायात कमी. जांघेतली नाडी क्षीण लागते आणि मागून येते. असा पोरगा वीस-पंचवीस वर्षांचा असताना डोकं दुखतं म्हणून येतो. दाब जास्त निघतो, गोळी सुरू होते आणि पायाचा दाब कुणी मोजत नाही. याला यंत्र लागत नाही मामा, बोटं लागतात.

मामा : हे मला पटलं. यात खर्चही नाही.

भाची : आणि काही दोष इतके विरळ की डॉक्टरनंही पुस्तकातच पाहिलेले असतात. १८६६ मध्ये विल्हेल्म एबस्टाइन यांनी एकोणीस वर्षांच्या एका मजुराबद्दल लिहिलं. त्याची उजवीकडची झडप जागेवरून खाली सरकलेली होती, आणि ते कळलं त्याच्या मरणानंतर. हा विरळ दोष आज इकोत जिवंतपणी दिसतो. दुसरा एक दोष आहे, त्यात खालच्या दोन कप्प्यांची अदलाबदल झालेली असते आणि मोठ्या रक्तवाहिन्यांचीही. दोन उलट्या गोष्टी एकमेकींना सांभाळून घेतात, रक्त योग्य जागी पोहोचतं, म्हणून माणूस चाळिशी-पन्नाशीपर्यंत बिनधास्त राबतो. पण फुप्फुसापुरतं घडलेला कप्पा सगळ्या शरीराचा भार वाहत असतो आणि एक दिवस थकतो. वरच्या महाशिरेच्या तोंडाशी असलेलं छिद्र तर साध्या इकोतही निसटतं. उजवी बाजू मोठी दिसतेय आणि कारण सापडत नाही, तेव्हा ते कारण सापडेपर्यंत शोधायचं असतं. ‘असेल काहीतरी’ म्हणून फाइल मिटायची नसते.

मामा : बरं. आता पैशाचं बोल. तिचा दिवस बुडला तर चूल बुडते. तू म्हणशील योजना आहे. योजनेच्या कागदांसाठीही दिवस बुडतात.

भाची : बुडतात, आणि तो त्रास मी कमी लेखत नाही. पण योजना आहे हे खरं. २ जुलै २०१२ ला राज्यातल्या ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, त्यात आपला सोलापूर होता. तीच आता महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आणि हृदयाचे उपचार त्यात येतात. हिचं छिद्र कडा चांगल्या असलेलं निघालं तर छाती उघडावीसुद्धा लागणार नाही. अन्ननलिकेतून इको करून कडा मोजतात. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि निकेल-टायटॅनियमच्या तारेच्या जाळीच्या दोन चकत्या, एक पडद्याच्या अलीकडं, एक पलीकडं, अशा उघडतात. काही महिन्यांत त्यावर शरीराचंच अस्तर चढतं. १९७५ मध्ये अमेरिकेत सतरा वर्षांच्या एका मुलीचं छिद्र पहिल्यांदा असं नळीतून बंद केलं गेलं. बहुतेक जण दोन-तीन दिवसांत घरी येतात, पुढं काही महिने रक्त पातळ राहण्याची गोळी. कडा अपुऱ्या असतील तर मात्र शस्त्रक्रियाच. त्यात धोका नाही असं मी म्हणणार नाही. तो तिला आकड्यांत समजावून सांगावा लागेल.

मामा : पैसा, धोका, दोन्हींतून वाट निघेल असं धरू. माझी खरी भीती वेगळी आहे, ती आता सांगतो. हा कागद आज सासऱ्याच्या हातात आहे. उद्या जावेच्या, परवा गल्लीच्या. ‘छिद्रवाली’ हे नाव पडायला किती वेळ लागतो? तिची आई येऊन रडेल, सासू म्हणेल आधीच माहीत होतं, आम्हाला फसवलं. कुणीतरी म्हणेल, आईनं ग्रहण पाळलं नाही. उद्या हिच्या पोरीच्या लग्नात हीच गोष्ट निघेल. छिद्रानं तिला बत्तीस वर्षं जगू दिलं. हा कागद जगू देईल का?

भाची : या प्रश्नाला माझ्याकडं औषध नाही, फक्त भूमिका आहे. आधी ग्रहणाचं. बाळाचं हृदय आठव्या आठवड्याच्या अखेरीस घडून झालेलं असतं. तोवर कित्येक बायकांना दिवस गेल्याचा नीट पत्ताही लागलेला नसतो. सूर्यचंद्राचा त्यात काही हात नाही. रुबेला, ताब्यात नसलेली साखर, काही औषधं, जनुकांतले बदल, अशी कारणं माहीत आहेत. जवळच्या नात्यातल्या लग्नांत हे प्रमाण काहीसं वाढलेलंही अनेक अभ्यासांत दिसतं. पण बहुतेक जणांत एक ठाम कारण सापडतच नाही. म्हणून आईला दोषी ठरवण्याचा हक्क कुणालाच नाही.

मामा : नात्यातली लग्नं… आपल्या भागात तर मामानं भाची करायची रीतच. तुझ्या आजीनं माझ्या मागं किती धोशा लावला होता.

भाची : म्हणून तर हे दुसऱ्या कुणाच्या घरचं बोलणं नाही. फसवण्याचं म्हणाल तर फसवलं कुणी? तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. पोरीच्या लग्नाचं म्हणाल तर आई किंवा बापाला दोष असेल तर मुलात तो असण्याची शक्यता शंभरात तीन ते पाच. शंभरातल्या पंच्याण्णव-सत्त्याण्णव मुलांत नसतो. गरोदरपणात अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान पोटातल्या बाळाचा इको करता येतो. झालेल्या दोन्ही लेकरांचाही एकदा करून घ्यावा, सुटका होईल. लपवून ठेवलं तर हे काहीच करता येणार नाही. लपवलेल्या दोषानं बायका बाळंतपणात जातात आणि त्यांच्या माघारी ‘अचानक गेली’ एवढंच उरतं.

मामा : तू डॉक्टर म्हणून बोलतेस. रिपोर्ट देऊन तू सोलापूरला जाशील. गल्लीत ती राहणार आहे. तपासणी करणाऱ्यानं तपासणीनंतर पाठ फिरवली, तर मी म्हणेन तपासलं नसतं तर बरं. हे माझं मत तुझ्या सगळ्या आकड्यांनंतरही बदललेलं नाही.

भाची : ते बदलू नका. ते बरोबरच आहे. फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष माझा वेगळा आहे. तुम्ही म्हणता पाठ फिरवणार असाल तर तपासू नका. मी म्हणते, तपासलंय तर पाठ फिरवू नका. उपचारानंतरही वर्षा-दोन वर्षांनी इको लागतो, ठोके बघावे लागतात. जन्मजात दोषाच्या माणसाशी उपचार झाला म्हणून संबंध तोडून टाकता येत नाही. त्यात तिला सोबत जाणारं कुणी हवं, फाइल जपणारं कुणी हवं, आणि गल्लीत कुणी वेडंवाकडं बोललं तर त्याला गप्प करणारं, मान असलेलं एखादं माणूस हवं.

मामा : म्हणजे मी.

भाची : तुमच्या शाळेत अर्धं गाव शिकलंय. तुम्ही सांगितलेलं लोक ऐकतात.

मामा : मग माझी अट ऐक. तो कागद सासऱ्याकडून परत घ्यायचा आणि आधी तिच्या हातात द्यायचा. तिच्याशी तू बोलायचंस, नवऱ्यासमोर, तिला कळेल अशा शब्दांत. घाई कशासाठी, धोका किती, नाही केलं तर काय, सगळं. तिनं विचारायचं, तिनं ठरवायचं. ती हो म्हणाली तर योजनेचे कागद, रेशनकार्ड, हेलपाटे मी बघतो. ती नाही म्हणाली तर तिच्यावर ओरडायचं नाही.

भाची : मान्य. नाही म्हणाली तर सहा महिन्यांनी मी पुन्हा विचारेन आणि फुप्फुसातला दाब पुन्हा मोजेन. माझी एवढीच अट.

मामा : आणि सगळ्या गावाचे इको नाहीत.

भाची : नाहीत. पण दम्याचा पंप घेऊन बरी न झालेली आणखी एखादी विडीवाली तुमच्या ओळखीची असेल, तर तिला माझ्याकडं पाठवायचं. ते तुमच्यावर.

मामा : ओळखीची आहे. तिला उद्याच घेऊन येतो. बरी असेल तर तिला तसं स्वच्छ सांग. नसेल तर तेही सांग, पण खोलीचं दार लावून, आधी तिला एकटीला.